जागा दिसली की टाक तंबू?

भांडुपच्या टेकडीवर वाढलेल्या माणसाला मोकळ्या जागेची सवयच नसते. स्टेशनच्या पश्चिमेला उतरा, एलबीएस रोड ओलांडा आणि चढायला लागा. घरावर घर, जिन्यावर जिना. मध्येच हातभर जागा रिकामी दिसली तर तिथे तुळशीचा डबा असतो, नाहीतर कुणाची तरी बाइक उभी राहायची असते. तुमची बाइक तिथे लावून बघा. पाच मिनिटांत वरच्या खिडकीतून आवाज येतो, ‘ओ ताई, कोणाकडे आलात?’ रिकामी दिसणारी प्रत्येक जागा कुणाची तरी असते, हे आम्हाला शाळेत जायच्या आधी कळतं.

अशा माणसाला उचलून लडाखच्या चांगथांगात नेऊन सोडा. चांगथांग म्हणजे लेहच्या आग्नेयेला सुरू होणारं आणि पुढे पार तिबेटात पसरत गेलेलं पठार. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. अशी पावणेतीन कळसूबाई एकावर एक ठेवली की चांगथांगाची उंची होते. तिथे झाड नावाला नाही. पिवळट माळ, लांबवर तांबूस-जांभळे डोंगर, त्यांच्यावर बर्फाची किनार आणि मध्ये दोन-दोन तास एकही खिडकी नाही. पहिल्या दिवशी आम्ही गाडीतून उतरून नुसते हात पसरून उभे राहिलो होतो. विरार लोकलमध्ये हात पसरायला मिळत नाहीत, त्याचा बॅकलॉग भरून काढत असल्यासारखे.

आता मुद्द्याचं. कॅम्पिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पवना धरण येतं. काठाला ओळीने तंबू, बार्बेक्यू, मध्यरात्रीपर्यंत स्पीकर आणि सकाळी पोहे. लडाखमध्ये याचीच महागडी आवृत्ती मिळते. तंबूत पलंग, पलंगावर रजई, मागे अॅटॅच्ड बाथरूम. ‘थ्री इडियट्स’ आला २००९ मध्ये, आणि त्यानंतर पॅंगाँगच्या काठाला असे तंबू किती वाढले ते आधी आणि नंतर जाऊन आलेल्यांना विचारा. मी म्हणतेय ते कॅम्पिंग याहून वेगळं. आपला तंबू, आपला स्टोव्ह, आपलं पाणी आणि आखून दिलेली साइट नाही. अमेरिकेत याला रीतसर नाव आहे, डिस्पर्स्ड कॅम्पिंग. नेवाडा, युटा या राज्यांत उंचावरचं वाळवंट आहे आणि त्यातली अफाट जमीन तिथल्या केंद्र सरकारची आहे. बऱ्याच ठिकाणी एका जागी चौदा दिवसांपर्यंत फुकट राहता येतं. नळ नाही, संडास नाही, कचऱ्याचा डबा नाही. जे न्याल ते परत आणायचं, एवढंच. आपल्याकडे असा एक सरसकट नियम नाही, त्यामुळे ‘इथे काय, कुठेही चालतं’ असं समजून घ्यायला सगळ्यांना बरं पडतं.

पण आधी हवेबद्दल. कारण हवेचं गणित जमलं नाही तर तंबूची पिशवी उघडायची वेळच येत नाही.

पहाटेचं विमान पकडलं तर दुपारच्या आत तुम्ही लेहला, ३,५०० मीटरवर. शरीर अजून कांजूर आणि भांडुपच्या मध्येच सिग्नलला थांबलेलं असतं. लेहला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश. त्सो कार तळ्यापाशी, म्हणजे ४,५३० मीटरवर, निम्म्याहून थोडाच जास्त. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेवढंच, २१ टक्के. दाब कमी म्हणून एका श्वासात वाट्याला येतो कमी. जिम लावलेल्यांना यात काडीची सूट नाही. उलट तेच पहिल्या दिवशी शांती स्तूपाच्या पायऱ्या धावत चढतात आणि रात्री उशीत डोकं खुपसून पडतात.

फंडा साधा आहे. लेहला दोन-तीन रात्री गप पडून राहायचं. पुढे झोपायची उंची एका रात्रीत साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. डोकं दुखतंय, मळमळतंय, झोप लागत नाही, तर आहे तिथेच थांबायचं, वर जायचं नाही. चालताना तोल जायला लागला, बसल्या जागी धाप लागली किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर सकाळची वाट न बघता खाली. दारू आणि झोपेच्या गोळ्या अजिबात नकोत. डायमॉक्स घ्यायची की नाही हे डॉक्टरला विचारा, व्हॉट्सअॅप ग्रुपला नाही.

या हिशोबाने आमची पहिली तंबूची रात्र सिंधूच्या काठी, चुमाथांगच्या आसपास होती. उंची चार हजार मीटरच्या घरात, गरम पाण्याचे झरे जवळ. तिथेच आमच्यातल्या आयटीवाल्याचं डोकं धरलं. सकाळी चहा उलटून पडला. आणि मग जे भांडण झालं ते कुठल्याही ऑफिसवाल्या ग्रुपला ओळखीचं वाटेल. पाच रजा अधिक दोन वीकएण्ड बरोबर नऊ दिवस. एक दिवस घालवला की त्सो कारची एक रात्र गेली. तो म्हणाला, ‘अरे क्रोसिन घेतो ना, चला.’ आमच्यातली मुलुंडची मैत्रीण चक्रम हायकर्सबरोबर सह्याद्रीत भरपूर फिरलेली आहे. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, स्टोव्हवर परत आधण ठेवलं आणि म्हणाली, ‘आज इथेच. तुला बोलायचं तेवढं बोल, घसा दुखेपर्यंत.’ दिवसभर तो आमच्याशी अबोला धरून होता. संध्याकाळी दोनदा मॅगी मागून घेतलं, तेव्हा प्रश्न मिटला.

थांबायचं कारण नकाशात होतं. त्सो कारहून लेहकडे जायचं तर तंगलांग ला ओलांडावा लागतो, पाच हजार तीनशे मीटरच्या वर. सिंधूकडे परत यायचं तर पोलोकोंगका ला, तोही तळ्यापेक्षा बराच उंच. ‘ला’ म्हणजे खिंड. म्हणजे रात्री दोन वाजता कुणाचं बिनसलं तर खाली उतरण्यासाठी आधी वर चढायचं. मनालीहून बाइकने येणारे सार्चूला मुक्काम करतात, ४,२९० मीटरवर. तिथेही हाच सापळा. एका बाजूला बारालाचा ला, दुसऱ्या बाजूला लाचुंग ला, दोन्ही सार्चूपेक्षा उंच. तंबूची जागा निवडताना व्ह्यू कसा आहे हे लोक आधी बघतात. इथून खाली जायची वाट कुठली, हे आधी बघावं असं माझं मत.

दुसरी गोष्ट आमच्या ड्रायव्हरने शिकवली. त्यांना आम्ही ‘आचो-ले’ म्हणायचो. लडाखीत आचो म्हणजे मोठा भाऊ, आणि ‘ले’ म्हणजे आपलं ‘जी’. नदीच्या वर एक मस्त सपाट तुकडा होता. बारीक रेती, दगड नाही, डोंगराच्या कुशीत, वाऱ्यापासून आडोसा. आयटीवाल्याने (तेव्हा अजून त्याचं डोकं दुखत नव्हतं) पिशवी खाली टाकलीसुद्धा. आचो-ले म्हणाले, ‘यहाँ नहीं. ये पानी का रास्ता है.’ आम्ही इकडेतिकडे बघितलं. पाणी? घशात थुंकी नव्हती, तिथे पाणी कुठलं? ते शांतपणे म्हणाले, ‘आज नहीं है.’

लेहला वर्षाला पाऊस पडतो साधारण १०० मिलिमीटर. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ पडला होता, म्हणजे लेहचा नऊ वर्षांचा कोटा एका दिवसात. म्हणून आपल्याला वाटतं, यांना कसला पूर. पण आपल्याकडे डोंगरावर निदान झाडं-माती आहे, पाणी थोडं तरी मुरतं. तिथे उघडा दगड आणि भुसभुशीत रेती. जोराची सर आली की सगळा डोंगर चिखल होऊन नाल्याच्या तोंडाशी येतो, आणि ती मऊ सपाट रेती त्यानेच आणून पसरलेली असते. ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री लेहवर ढगफुटी झाली, दोनशेहून जास्त माणसं गेली, चोगलमसारमध्ये घरंच्या घरं चिखलाखाली गेली. टेकडीच्या उतारावर पावसाळे काढलेल्या भांडुपकराला हे दुसऱ्यांदा समजावून सांगावं लागत नाही. आम्ही पिशव्या उचलल्या आणि वरच्या दगडाळ बांधावर गेलो. नदी-ओढ्यांचंही असंच. बर्फाचं पाणी दुपारनंतर वाढतं. सकाळी घोट्याएवढा दिसलेला ओढा संध्याकाळी गुडघ्याला लागतो.

त्सो कारला पोचलो ते सहाव्या दिवशी. नावाचा अर्थ पांढरं तळं. काठाला मिठाचा पांढरा पट्टा आहे आणि हे मीठ पूर्वी चांगपा लोक गोळा करून विकायला न्यायचे. शेजारी गोड्या पाण्याचं एक छोटं तळं आहे, त्याच्या आजूबाजूला हिरवी दलदल. या दोन तळ्यांना मिळून २०२० मध्ये रामसर दर्जा मिळाला. सगळा माळ भुरा, आणि मध्ये एवढाच हिरवा गालिचा, त्यातून झुळझुळणारा पाण्याचा पाट. तंबूच्या जाहिरातीत दाखवतात तशी जागा.

मी आचो-लेंना विचारलं, ‘ये जगह किसकी है?’

आयटीवाला खो खो हसला. ‘अगं, इथे कोणाची असणार? त्या गाढवांची?’ लांब रानगाढवं चरत होती, कियांग म्हणतात त्यांना. दहा किलोमीटरपर्यंत चिटपाखरू दिसत नव्हतं. पण भांडुपच्या सवयी अशा जात नाहीत. आचो-लेंनी गाडी बंद केली आणि बोनटला टेकून सिगारेट पेटवली. पाच मिनिटं झाली असतील नसतील, समोरच्या उंचवट्यामागून एक आजी चालत आल्या. हातात फिरवायचं प्रार्थनाचक्र, पाठीवर गवऱ्यांची टोपली. रिकाम्या माळावर माणसं कुठून उगवतात ते एक लडाखला जाणं, एक आमच्या टेकडीला.

आम्ही ‘जुले आबी-ले’ केलं. आबी म्हणजे आजी. त्यांनी आमच्याकडे, गाडीकडे, तंबूच्या पिशव्यांकडे बघितलं, आणि काठीने वरच्या खडकाळ पट्ट्याकडे दाखवलं. आचो-लेंनी हिंदीत सांगितलं ते असं. हे गवत आत्ताचं नाही. बकऱ्या आत्ता वरच्या कुरणात आहेत, थंडीच्या तोंडावर खाली येतील, तेव्हा हेच गवत लागणार. त्यावर तंबू लावायचा नाही आणि गाडी तर अजिबात न्यायची नाही. चाकाने एकदा गवत दाबलं की ते पुढच्या वर्षीपर्यंत उठत नाही. वर दगडात खुशाल राहा.

त्सो कारच्या आजूबाजूची कुरणं सामद या चांगपा समाजाची. शेजारी खारनाक, पलीकडे त्सो मोरीरीजवळ कोरझोक. चांगपा म्हणजे पश्मिना बकऱ्या, मेंढ्या, याक घेऊन वर्षभर ठरलेल्या जागांवरून फिरणारे लोक. याकच्या केसांच्या त्यांच्या काळ्या तंबूला रेबो म्हणतात. कोणी कुठल्या महिन्यात कुठे जायचं हे कुणी मनाने ठरवत नाही. समाजाचा गोबा, म्हणजे मुखिया, बाकीच्यांबरोबर बसून कुरणं वाटून देतो. एका बकरीच्या अंगावरून वर्षाला पाव किलोच्या आसपास पश्मिना निघते, आणि बकरी थंडीत जगली तर निघते. थंडीत जगण्यासाठी तो हिरवा गालिचा. कुंपण नाही, पाटी नाही, सात-बारा आपल्याला दिसेल असा नाही. तरी त्या माळाचा इंच न् इंच कुणाच्या तरी हिशोबात आहे.

हा हिशोब सध्या सगळ्याच बाजूंनी तुटतोय. खारनाकची बरीचशी कुटुंबं गेल्या काही दशकांत बकऱ्या विकून लेहजवळ उतरली. तिथे त्यांची वस्तीच आहे, खारनाकलिंग नावाची. कारणं ऐकली तर कोकणातून किंवा घाटावरून भांडुपला आलेल्या कुठल्याही घरची वाटतील: पोरांची शाळा, दवाखाना, थंडीतले हाल, रोकड पगार. २०२३ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने लडाखमधल्या १३ गिगावॉटच्या अक्षय ऊर्जा प्रकल्पासाठी वीजवाहिन्यांना मंजुरी दिली. त्याची जागा आहे पांगच्या पठारावर, म्हणजे चरायच्याच माळावर. वीज हवीच, आपल्या एसीला ती लागते. पण कागदावर ‘मोकळी जमीन’ असं लिहिताना त्या आबी-लेंना कुणी काठी दाखवायला बोलावतं का, हा प्रश्न मला पडतो. आणि या सगळ्याच्या शेवटी आपण, चार दिवसांचे तंबूवाले. आपलं वजन त्या मानाने काहीच नाही. पण दर उन्हाळ्यात येणाऱ्या हजारो गाड्यांमधल्या प्रत्येकाला तसंच वाटत असतं.

आम्ही वर दगडात तंबू लावले. खुंट्या ठोकल्या जात नव्हत्या, म्हणून दोऱ्या धोंड्यांना बांधल्या. दुपारनंतर तिथे वारा असा सुटतो की रिकामा तंबू पतंग होतो. आधी आत सामान टाकायचं, मग उभा करायचा.

स्टोव्हचं सांगायला हवं. गॅसची डबी विमानात नेता येत नाही, ती लेहच्या बाजारात घ्यायची. आणि या उंचीवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं. डाळ तासभर खदखदू दे, बोटाखाली टणकच. म्हणून छोटा कुकर पाठीवर वाहून नेणाऱ्याला हसू नये. मुलुंडच्या मैत्रिणीने नेला होता, आणि त्याची पहिली शिट्टी झाल्यावर सगळ्यांचे चेहरे एकदम घरच्यासारखे झाले. वाळकी झुडपं दिसतात ती मात्र जाळायची नाहीत. बुरत्से म्हणतात त्याला, ते तिथलं सरपण आणि चारा दोन्ही, आणि वाढायला वर्षानुवर्षं घेतं. शेकोटी हवी असेल तर ती अलिबागला करा.

पाण्याच्या बाबतीत मी निवांत होते. तळ्याचं पाणी खारट. गोड्या पाण्याचा पाट दलदलीतून येतो आणि तो बकऱ्यांचा आणि पक्ष्यांचा. आम्ही गावातून २० लिटरचे दोन कॅन भरून घेतले होते, चौघांना दीड दिवस. मुंबईच्या पाण्याचा मोठा हिस्सा आमच्या भांडुप कॉम्प्लेक्समध्ये शुद्ध होऊन पुढे जातो, आणि त्याच्याच वरच्या अंगाला राहणारे आम्ही पहाटे पाणी यायच्या वेळी मोटर लावून बसतो. त्यामुळे तांब्याभर पाण्यात तोंड, हात आणि कपबशी कशी उरकायची हे मला शिकवायला कुठल्या ट्रेक लीडरची गरज नव्हती. आयटीवाला हिरानंदानीत राहतो. त्याने पहिल्या सकाळी दात घासायला बाटली उपडी धरली, तेव्हा आम्ही तिघींनी एकदम ओरडून त्याला थांबवलं.

आणि आता तो विषय, जो प्रवासवर्णनात कधी नसतो. बायकांसाठी या माळावरचा सर्वांत मोठा प्रश्न ऑक्सिजन नसून आडोसा आहे. झाड नाही, भिंत नाही, दोन किलोमीटरवरून माणूस दिसतो. मी वाळवंटात छत्री घेऊन गेले म्हणून सगळे हसले होते. सकाळी वारा पडलेला असतो, तेव्हा उघडी छत्री जमिनीला टेकवून मागे बसायचं. तिसऱ्या दिवशी छत्रीसाठी नंबर लागत होते. बाकी नियम सोपे: पाण्यापासून निदान दोनशे फूट लांब, वीतभर खोल खड्डा, वर माती. कागद आणि पॅड मात्र पुरायचे नाहीत, पिशवीत बांधून परत आणायचे. त्या थंड कोरड्या हवेत काही कुजतच नाही. आपल्याकडे एका पावसाळ्यात जे मातीत जातं, ते तिथे पुढच्या वर्षीच्या पर्यटकासाठी जसंच्या तसं राहतं, नाहीतर उडत उडत त्या हिरव्या गालिच्यावर. लडाखी लोकांचा स्वतःचा कोरडा संडास याच हिशोबाने असतो: वरच्या मजल्यावर खोली, फरशीला भोक, वरून माती-राख लोटायची, आणि वर्षाने खालून शेतासाठी खत. पाण्याचा थेंब लागत नाही. फ्लश आणला आपण.

उरलेला भात ‘कुत्र्यांना टाकू’ म्हणून तंबूमागे ओतणारे बरेच असतात, चांगल्या मनाने. पण या पठारावर कुत्री वाढली ती अशाच उरलेल्या अन्नावर, तंबूंच्या आणि छावण्यांच्या. आणि दलदलीत जमिनीवरच अंडी घालतो काळ्या मानेचा करकोचा, लडाखचा राज्यपक्षी. भारतात तो अंडी घालतो फक्त लडाखमध्ये. कुत्र्यांना त्याची अंडी-पिल्लं म्हणजे ताटात वाढलेलं जेवण. आम्हाला एक जोडी दिसली, बरीच लांबून. भांडुप पंपिंग स्टेशनला फ्लेमिंगो बघायला जाणाऱ्यांना माहीत असतं, कुठल्या पावलाला पक्षी माना वर करतात. त्याच्या दहा पावलं अलीकडे थांबायचं. इथे ती दहाच्या जागी दोनशे धरा.

अशा जागा बंद होतात त्या एका दिवसात. स्पितीतलं चंद्रताल बघा; आता काठावर तंबू लावता येत नाही, तंबूवाल्यांना बरंच अलीकडे थांबवतात. उत्तराखंडच्या हायकोर्टाने २०१८ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्री राहायलाच मनाई केली. ट्रेकर मंडळी तेव्हा जाम चिडली. मीही चिडले होते. पण आबी-लेंची काठी बघितल्यावर वाटतं, कोर्टाला जे हुकूम काढून सांगावं लागलं ते एका म्हातारीने चहाच्या बदल्यात सांगितलं, आणि आपण ऐकलं. ऐकणारे पुरेसे असते तर हुकमाची वेळ आली असती का कोण जाणे.

सातव्या रात्री हानलेला होतो, तंबूत नाही, गावातल्या एका घरी. रात्री आठनंतर गावात पडदे ओढलेले, बाहेरचे दिवे खाली वाकवलेले, गाडीचे मोठे दिवे बंद. मोबाइलचा टॉर्च लावला तर पोरंसुद्धा टोकतात. २०२२ पासून हा भाग अंधारासाठी राखलेला आहे, कारण वर टेकडीवर ४,५०० मीटरवर वेधशाळा आहे. तिथली एक दुर्बीण २०१८ पासून आयआयटी मुंबई आणि बंगळुरूची खगोलभौतिकी संस्था मिळून चालवतात. म्हणजे पवईची, आमच्या कांजूरच्या पलीकडची. आणखी एक २१ मीटर व्यासाची, भाभा अणुसंशोधन केंद्राने उभी केलेली, तिचं उद्‌घाटन २०२४ च्या ऑक्टोबरात झालं. पवईत रात्री आकाश नारिंगी दिसतं, म्हणून पवईचा डोळा इथे ठेवलाय. आम्ही चौघं गच्चीवर रजया पांघरून पडलो. आकाशगंगा एवढी ठळक होती की आयटीवाला अर्धा तास काही बोलला नाही, हा त्याचा विक्रम आहे. अंधारसुद्धा इथे कुणीतरी सांभाळून ठेवलेला, हे त्याला मी सांगितलं, तर म्हणाला, ‘गप झोप.’

जाणार असाल तर जूनचा मध्य ते सप्टेंबरचा मध्य. जुलैतही रात्री पारा शून्यापर्यंत उतरू शकतो, त्यामुळे स्लीपिंग बॅग चांगली घ्या, उसनी नको. हानले, न्योमा हा सीमाभाग. पर्यावरण शुल्क आणि कागदपत्रांचं लेहला आधी बघून घ्या, आणि जवान जिथे ‘बस, आगे नहीं’ म्हणतो तिथे ‘भाईसाब पाच मिनट’ करू नका. गॅजेटवाल्यांनी सॅटेलाइट फोन आणायचा शहाणपणा करू नये, परवानगीशिवाय तो भारतात बेकायदा आहे.

त्सो कारहून निघताना आबी-लेंनी आचो-लेंकडे एक गाठोडं दिलं होतं, सुकवलेल्या चीजचं. नातू खाली राहतो, चोगलमसारजवळच्या वस्तीत, हॉटेलात काम करतो. लेहला परतताना संध्याकाळी गाडी आत घातली. एकाला एक लागून घरं, अरुंद गल्ली, पत्र्याचे दरवाजे, बाहेर पाण्याचे कॅन. नातू पंचविशीचा, पायात आपल्यासारखेच बूट, हातात मोबाइल. त्याने गाठोड्याचा वास घेतला आणि आजीच्या गुडघ्यांचं विचारलं. मग आमच्याकडे वळून हिंदीत म्हणाला, ‘टेंट कहाँ लगाया था?’

आम्ही सांगितलं, वर दगडात, त्यांनी दाखवलं तिथे.

‘हां,’ तो म्हणाला. ‘वहाँ हवा बहुत लगती है.’